मुदत

पहाटे तीन बाराला डिस्क भरली.
हल्लाबिल्ला काही नव्हता.
एकटा कंटेनर बंद दार ठोठावत
तीच ओळ लिहीत बसला होता:
जोडणी नाकारली. जोडणी नाकारली.
चाळीस लाख वेळा.
दुखण्यानं नव्हे,
दुखण्याच्या नोंदींनी यंत्र गुदमरलं.

तार्तूत उणे एकोणीस.
उर्वे फोनवर, झोपेतल्या आवाजात:
"पुसण्याआधी पहिली ओळ बघ, काल्यू.
शेवटची सगळेच बघतात."

मी मागे मागे जातो.
मध्ये कितीतरी कंटेनर मेलेले.
एक पडला की त्याच नावानं दुसरा उभा,
मागचं काहीच ठाऊक नसलेला,
कामाला लागलेला, नऊ सेकंदांत पडलेला.
ते बोलले तेवढं आम्ही बाहेर वेचून ठेवलं,
म्हणून आहे.
आत ठेवलं असतं तर त्यांच्याबरोबरच गेलं असतं.

अकरा वाजून चार मिनिटं.
हिउमा बेटाची फेरी, सकाळची पहिली.
एक बाई, एक ट्रेलर,
ट्रेलरवर सुटा करून बांधलेला हातमाग.
नाव ओन्ने.
आणि त्या ओ-वरची नागमोडी रेघ
आमच्या कार्यक्रमाला वाचता आली नाही.

एवढंच.
आमच्याच भाषेतली,
पहिलीतली पोरं गिरवतात ती रेघ.

आता नियम: नोंदीत कुणाचं नाव नको.
चूक नेमकी नावातच होती,
म्हणून नाव सांडलं, उघडं पडलं,
आणि पुरावा तेवढाच.
मी चूक दुरुस्त करतो.
मग त्या ओळीवर येतो,
आणि बराच वेळ काही करत नाही.

शेवटी फुल्या.
चार फुल्या, मग ट्रेलर, मग हातमाग.
फाइल दहा एमबीची, अशा तीन,
चौथी आली की सगळ्यात जुनी जाईल.
बाकीचं तीस दिवस थंड साठ्यात.
त्यानंतर ही रात्र झालीच नव्हती.

"काय निघालं?" उर्वे विचारते.
रेघ, मी म्हणतो.
ती हसते, की जांभई देते, कळत नाही.

डिस्क एकेचाळीस टक्के.
सहा वाजून पस्तीसला फेरी सुटली,
प्रवासी एकशे आठ, ट्रेलर दोन.
दोन.
कुणाचे ते बघायला गेलो,
तर आता सगळीकडे फुल्याच होत्या.