ढाळ

रामबागेतल्या घराची वाटणी झाली तेव्हा
भांडी मोजली, पंखे मोजले,
सागवानी पाट कुणाचे, यावर दोन दिवस गेले.
ढाळ कुणी मोजला नाही.

वहिनींनी आपल्या बाजूला नवी फरशी घातली,
चार बोटं उंच.
तेव्हापासून त्यांच्या मोरीचं पाणी
माझ्या पायरीशी येऊन थांबायचं:
साबणाचा फेस, भाताची शितं,
एखाद्या दिवशी हळदीचा पिवळा ओघळ.
मी खराट्याने मागे लोटायचे.
ते परत यायचं.
पाण्याला शेजारधर्म कळत नाही,
की फारच कळतो, कोण जाणे.

अकरा वर्षं.
बोलणं पहिल्याच वर्षी आटलं होतं.
मग दोघे भाऊ गेले. वाटणी राहिली.

यंदा होळीनंतर निगमची नोटीस आली:
उघडी नाली बंद करावी,
दोन्ही खरगोणकरांनी मिळून.

झाबुआचा धनसिंग आला,
कुदळ, घमेलं, आणि पाण्याने भरलेली एक लांब नळी
जुनी होऊन चहाच्या रंगाची झालेली.
खुणा करायला तो एकटा,
म्हणून नळीचं एक टोक त्याने माझ्या हातात दिलं
आणि दुसरं, न विचारताच, वहिनींच्या.
अंगणाच्या दोन कडांना आम्ही दोघी
नळीच्या तोंडावर अंगठा दाबून उभ्या.
"छोडो," तो म्हणाला.
पाणी तिकडे चढलं, इकडे उतरलं,
जरा डचमळलं,
थांबलं.
त्याने दोन्ही भिंतींवर खडू ओढला, खाली टेप सोडली.
वहिनींची फरशी सव्वातीन इंच वर.
हेच मी अकरा वर्षं सांगत होते.
कुणाला, ते आठवत नाही.

मी म्हटलं, ढाळ भरपूर दे रे बाबा,
सगळं एका झटक्यात निघून जाऊ दे.
तो हसला. "बाई, पानी को भगाना नहीं, चलाना है."
उतार फार झाला की पाणी पुढे पळतं,
गाळ मागे बसून राहतो.
आठ फुटांना एक इंच. बस्स.
हे ऐकताना मी वहिनींकडे पाहिलं नाही.

आमची ही काळी माती,
उन्हाळ्यात भेगाळते, पावसात फुगते,
तिच्यात कुठलीच सरळ गोष्ट सरळ राहत नाही.
म्हणून त्याने खाली वीतभर मुरूम अंथरला,
पाणी मारलं, धुम्मसाने ठोकला,
वर सहा इंची पाइप,
सांध्यांना डोकं दुखेल असा सोल्युशनचा वास.
मग पुन्हा माती, पुन्हा फरशी.
तिसऱ्या दिवशी काही दिसेनासं झालं.
उरलं एक चेंबर माझ्या पायरीजवळ, लोखंडी झाकणाचं.
पुढे गल्लीतली मोठी लाइन, तिच्यापुढे खान नदी.

त्या झाकणातून ऐकू येतं.

पहाटे साडेपाचला वहिनींच्या दोन बादल्या,
पहिली घाईची, दुसरी सावकाश.
साडेनऊच्या सुमाराला तांदळाचं धुवण.
एकादशीला ते नाही.
रात्री त्या दोनदा उठतात. हल्ली तीनदा.
हे मी कुणाला विचारलेलं नाही,
सांगत तर नाहीच.

मागच्या बुधवारी साडेपाच वाजले,
काही आलं नाही.
पावणेसहा.
मी पायरीवर बसले, झाकणावर तळवा टेकून,
पोराचा ताप बघावा तशी.
सहा.
चपला घातल्या.
त्यांच्या दारापर्यंत सोळा पावलं,
मधे कुंपण नाही, कधीच नव्हतं.
कडीकडे हात गेला,
तेवढ्यात पायाखालून गेली
पहिली बादली, घाईची.

मी तिथेच उभी राहिले,
दुसरी जाईपर्यंत.