तळ्याकडे दोन चौक

नोएलियानं माझ्या फोनवर तीन नकाशे उतरवून दिले
आणि म्हणाली, मामा, आठवडाभर वापरून बघ,
पटेल तो ठेव, बाकीचे काढून टाक.
जशा काही चपलाच.

पहिला फुकट. म्हणजे
दर तिसऱ्या वळणाला तळलेल्या कोंबडीची जाहिरात.
त्यातली बाई माद्रिदकडची असावी.
आम्ही इथं पाद्र्यालाही अरे-तुरे करतो,
ती मला "आपण उजवीकडे वळावे" म्हणते
आणि बनियनवर टॅक्सी चालवल्याची
मला उगाच लाज वाटते.

दुसऱ्याला इंटरनेट लागत नाही.
रिचार्ज वाचेल, म्हणून माझा जीव त्याच्यावर.
पण तो म्हणाला, जागा अपुरी आहे, काहीतरी पुसा.
पुसायला बसलो.
भाचीच्या पदवीदानाचे एकसारखे चाळीस फोटो,
कुणाच्या तरी कुत्र्याचा व्हिडिओ,
आणि आईचे आवाजी निरोप, एकशे बारा.
शेवटचा ऑक्टोबरातला.
प्रत्येकात औषधाच्या दुकानाचा तोच पत्ता,
मी जन्मात कधी गेलोच नसेन असा:
अरे, बेनितेसची बेकरी होती ना, तिथून…

कुत्रा पुसला.
तेवढ्यानं भागलं नाही.

तिसरा लोकांनीच मिळून बनवलेला.
खड्डा दिसला की टोचून ठेवायचा,
पोलीस दिसला की तोही.
त्याच्या हिशेबानं आमच्या वस्तीत खड्डे दोन
आणि पोलीस एकही नाही.
म्हणजे आमच्याकडून अजून कुणी टोचत नाही.

तिघांचं एका बाबतीत मात्र एकमत:
वर म्हणजे उत्तर.
मानाग्वात असं नसतं हो.
इथं वर म्हणजे सूर्य येतो ती बाजू,
खाली म्हणजे तो बुडतो ती.
उत्तरेला उत्तर कोण म्हणतं? तळं म्हणतात.
पहिले चार दिवस
मी फोन आडवा धरूनच गाडी चालवली.

गुरुवारी बाजारातून एक बाई बसली,
दोन्या एदुविहेस, मांडीवर शिलाई मशीन.
म्हणाली, मालिंचे होता तिथून
तळ्याकडे दोन चौक, अर्धा वर.
मी सगळं जसंच्या तसं टाईप केलं.
पहिल्यानं मला मेक्सिकोतला एक रस्ता दाखवला,
दोन दिवस अकरा तास.
दुसरा गप्प, तो अजून उतरायचाच होता.
तिसऱ्यानं विचारलं:
तुम्हाला "मालिंचे ब्युटी सलून" म्हणायचंय का?

बाईला हसू आवरेना. मशीनचं चाक खुळखुळलं.
म्हणाली, ते झाड मीही पाहिलेलं नाही बाबा,
भूकंपात पडलं, तेव्हा मी पाळण्यात.
सासूनं पाहिलं होतं.
लाल फुलांनी पेटायचं म्हणे, मे महिन्यात.

मीही नव्हतं पाहिलं.
तरी दोघांना नेमकं ठाऊक, कुठं वळायचं ते.
तिथं आता टायरवाला बसतो.
त्याला विचारलं तर तोही सांगतो,
मालिंचे होता ना, तिथंच माझं दुकान.

रात्री तिसरा नकाशा उघडला.
"नवीन ठिकाण जोडा."
नाव: मालिंचे.
प्रकार: दुकान, दवाखाना, चर्च, पेट्रोल पंप, इतर.
इतर.
वेळ: चोवीस तास.
मग शेवटचा प्रश्न:
हे ठिकाण आता अस्तित्वात आहे का?
खाली दोनच खिडक्या. "हो." "कायमचं बंद."

"बंद" म्हणावं, तर नकाशातून पुसलं जाईल.
"हो" म्हणावं, तर कुणी परका
दुपारी सावलीच्या आशेनं यायचा
आणि टायरवाल्याच्या पत्र्याखाली उभा राहायचा.
"होता" अशी खिडकी नव्हती.
अंगठा अधांतरी धरून बसलो,
पडदा काळा झाला, परत उजळवला, परत काळा.

"हो" दाबलं.

सकाळी निरोप: आपली माहिती पडताळली जात आहे.
आता कुणाकडून पडताळणार?
एदुविहेसची सासू तर गेली.

तिसराच ठेवलाय.
भाची विचारते, का रे तो?
मी म्हणतो, जाहिराती कमी.
फोन अजून आडवाच धरतो.