एकशे तेरा, दोनशे सव्वीस

गुरुवारी पाषाणला लाइट नसते.
फ्रीझर जनरेटरवर, आम्ही चहावर,
आणि खाली लॉनवर सोपान घाऱ्यांचं
पेट्रोलचं मशीन, भर्र.
खिडकीशी सगळे म्हणतात: आहा.
मीही म्हणते.
मला फक्त पेट्रोल येतं.

चाळीस वर्षं हे लपलं, कारण
न येणाऱ्या वासाला जागा लागत नाही.
शाळेच्या मैदानावर, तळजाईच्या उतारावर
लोक नाक वर करायचे, मीही करायचे;
वाटायचं, हे असं म्हणायचंच असतं,
जसं लग्नात जोडा शोभतो म्हणतात.

मग गंमत म्हणून आम्ही आपापली थुंकी वाचली.
सहावं गुणसूत्र, आखूड बाजू.
रोगांशी लढणाऱ्या जनुकांच्या आळीत
भाड्याने राहिल्यासारखं एक बारकं जनुक:
ओआर टू जे थ्री.
एकशे तेराव्या जागी एक अक्षर चुकलेलं,
आणि बरोब्बर दुप्पट, दोनशे सव्वीसला, दुसरं.
ती एकेकटी असती तर निभावलं असतं.
दोन्ही मिळून दार बंद.
आईकडून तसंच, अण्णांकडूनही तसंच.
'चुकलेलं' हा शब्द निलोफरने खोडला.
"बदललेलं लिही," म्हणाली.

कुपी घेऊन मी खाली गेले.
घारे पॅंटीला हात पुसून वाकले:
"ही तर आमच्या खालच्या वावरातली वैरण. पहाटंची.
बाटलीत कशी कोंबली?"
मी विचारलं, न कापता येतो का हा?
"कापल्याबिगर कसा यील, बाई."

म्हणजे जखमेचा वास.
आणि मी आयुष्यभर
त्यावर पाय देऊन चालले, निवांत.

रेवाला एक प्रत तिच्या बापाची मिळालीय, धड.
संध्याकाळी ती गुडघे हिरवे करून येते,
तळवा माझ्या नाकाशी धरते: घे.
आजवर "छान" म्हणत आले.
आज म्हटलं, मला नाही येत गं. तू सांग.

आधी हसली. मग स्वतःच हुंगत राहिली.
"काकडीचं साल," म्हणाली. "नाही, थांब.
नवी वही... नाही.
कुणीतरी आत्ताच इथून उठून गेलं ना, तसं."

मी पुन्हा तिचा तळवा ओढला.
घाम, साबण, सायकलच्या हँडलचं लोखंड,
एवढं आलं.
मधे एक जागा रिकामी.
कुठे आहे, ते तरी आता कळतं.