धोट्याकडे बघणारी

कारखान्यात पहिल्यांदा नेली
तेव्हा ती चार महिन्यांची होती,
नुसते पाय आणि नाक.
मागासमोर बसली.
धोटा इकडून तिकडे, तिकडून इकडे,
तसे तिचे डोळे.
पोरं म्हणाली, पेंटप्पा,
ही तुझ्यापेक्षा बरी राखण करते की.

मला हसू आलं नाही.
तिची मान हलत नव्हती.
फक्त मांडीपाशी, कातडीखाली
काहीतरी ताणलं जात होतं,
तुटायच्या आधी तार ताणते तसं.

नाव चुक्का. आमच्या तेलुगूत चांदणी.
लावण्यानं ठेवलं, कपाळावरच्या ठिपक्यावरून.
विकणारा एवढंच बोलला होता,
कारवानी जात आहे, खोलीत ठेवू नका.
मी म्हटलं, आम्ही चार माणसं राहतो की खोलीत.

विडी घरकुलात दूध-भाकरीवर वाढली.
शेंगाचटणीच्या वासानं शिंकायची.
लावण्या गळ्यात रिबीन बांधायची,
ती बांधून घ्यायची.

मग एका सुट्टीच्या सकाळी
नीलव्वाची तांबडी कोंबडी
नळाच्या कट्ट्यावरून उडाली.
उडाली म्हणजे फडफडली, हातभर.
तेवढं पुरलं.

भुंकली नाही. गुरगुरली नाही.
मी हाक मारली, चुक्का!
हाक कानापर्यंत गेली असेलही,
पण आत कुणी घरी नव्हतं.

परत आली. कोंबडी माझ्या पायाशी ठेवली,
शनिवारी मी बायकोपुढं पगार ठेवतो तशी,
आणि शेपूट हलवली.
रिबीन जागच्या जागी होती.

नीलव्वानं चारशे सांगितले, साडेतीनशेवर मिटलं.
शिव्या कानडीतून,
निम्म्या मला, निम्म्या माझ्या मेलेल्या बापाला.
मी दोरी उचलली.
लावण्या दारात उभी. मला अडवलं नाही,
तिच्याजवळही गेली नाही.
नुसतं विचारलं,
"नाना, तिला हे कुणी शिकवलं?"

बापाचं नाव निघालंच होतं म्हणून असेल,
मला सिव्हिलमधली खाट दिसली.
शेवटचे आठ दिवस माणूस शुद्धीवर नव्हता,
पण बोटं चालू होती चादरीवर.
तुटलेली तार शोधायची,
गाठ मारायची,
पुन्हा शोधायची.
नर्स म्हणाली, ताप आहे.

दोरी तशीच हातात राहिली बराच वेळ.

आता रविवारी कुंभारीच्या माळावर जातो.
लुनाच्या मागं त्याच दोरीला
वेस्ट सुताचा गोळा बांधतो,
टॉवेलच्या किनारीचा, गुलाबी.
मी गाडी वाकडीतिकडी पळवतो, मागं धूळ,
आणि धुळीतून ती येते.
तेव्हा तिचे चारी पाय
जमिनीला लागतात असं वाटत नाही.

परवा तिसऱ्या वळणावर धरला.
दोनदा झटकला, मान मोडायला.
सुताला कुठली मान.
टाकून दिला, माझ्याकडे बघितलं,
आणि तरी पुढचे पाय टेकून,
पाठ उंच करून,
पुन्हा ओढ म्हणाली.

निघताना दातांत गुलाबी तार अडकलेली.
लावण्यानं तोंड उघडलं,
कोंबडीनंतर पहिल्यांदाच,
आणि दोन बोटं आत घालून ती सोडवायला लागली.
मी लुनाचं हँडल घट्ट धरून उभा.

चुक्का हलली नाही.
तोंड उघडं ठेवून
लावण्याच्या खांद्यावरून
गवताकडे बघत होती,
तिथं काहीतरी हललं होतं.