आडवा छेद

सोमेश्वरच्या खाली नदी टेपात मावली :
एकवीस मीटर, काठापासून काठापर्यंत.
बेंडकुळेमामा पट्टी धरून कमरेएवढ्या पाण्यात,
पायाखाली काळा कातळ, कातळात रांजणखळगे.
"इथं तिला वळायची मुभा नाही," मामा ओरडले,
"दगड देईल तेवढीच वाट."
मी वहीत लिहिलं : तळ खडक, कडा उभ्या.
आवाजाला रकाना नव्हता.

मामांनी लिंबू सोडलं.
केवढा खळाळ, पण लिंबू भोवऱ्यात गरगरत राहिलं,
घड्याळ बघून माझा हात दुखला.

रामकुंडाशी छेद घेतलाच नाही.
काठाला पायऱ्या, तळाला सिमेंट,
माप आधीच कुणी शिवून ठेवलेलं.
दुतोंड्या मारुती कोरडा ठणठणीत.
"घोटा, गुडघा, कंबर, छाती.
आमच्या गावाचं टेबल हे," मामा म्हणाले
आणि चप्पल काढून लांबूनच हात जोडले.

टाकळीला नासर्डी येऊन मिळाली
फेसासकट.
रुंदी वाढली. मी फक्त रुंदी लिहिली.

दसकला मामांनी खिशातून दोन दगड काढले :
सकाळचा, टोकदार; आत्ताचा, अंड्यासारखा.
चांदोरीच्या पुढे दगडच सापडेना.
मूठभर गाळ त्यांनी माझ्या तळहातावर ठेवला,
"घ्या, हाही तोच."

सायखेड्याकडच्या वळणावर पाणी निजल्यासारखं.
लिंबू सोडलं,
आणि ते बिनआवाजाचं सरळ निघून गेलं,
मी बटण दाबेपर्यंत खुणेच्या पुढे.

बांधावर द्वारकाबाई टर्ले उभ्या होत्या.
गेल्या पुरात त्यांच्या उसाच्या तीन सऱ्या
काठासकट खाली बसल्या.
समोर, वळणाच्या पोटात, मळई धरली आहे;
तिथे त्यांच्या नणंदेनं वांगी लावलीत.
"माती माझीच," त्या म्हणाल्या,
तक्रार नव्हती आवाजात, भांडण तर नव्हतंच.
"परवा टोपली पाठवली तिनं.
काटेरी आहेत, पण चवीला बरी."

सातबाऱ्यावर नदी अजून जुन्याच जागी आहे.
"तुमच्या वहीत कुठं आहे?" त्यांनी विचारलं.

मी टेपचं टोक मामांच्या हाती दिलं.
होडी निघाली. टेप सुटत गेला,
साठ, ऐंशी, शंभर,
मग माझ्या हातात नुसती रिकामी चकती,
आणि मामा अजून
पाण्यातच.