अर्धा क्राऊन

लाउथच्या बाहेर, रविवारी, शेतात मांडलेल्या जुन्या बाजारात
एका टोस्टरशेजारी ते उपडं पडलं होतं.
पंख वेगळे, वर्तमानपत्रात गुंडाळून सुतळीनं बांधलेले.
आठ पौंड, बाई म्हणाली,
आणि मी काही बोलायच्या आत: बरं, सहा.

स्वयंपाकघरातल्या टेबलावर मोजलं.
या टोकापासून त्या टोकापर्यंत छप्पन्न इंच.
शेपूट लंबगोल, चाकं तीन,
त्यातलं एक दुसऱ्याच कुळातलं.
इंजिन जाम. टाकीला नाक लावलं
आणि मी मिरजेच्या मोरीपाशी उभी,
सात वर्षांची, ओठ घट्ट मिटून,
समोर आत्या, हातात चमचा.
एरंडेल!
इंग्रजी विमानाच्या पोटात एरंडेल.

विल्फ डाउस, वय चौऱ्याऐंशी, स्वतःचं भिंग घेऊन आला.
चहा नको म्हणाला, मग दोन कप प्याला.
शेपटीवरून त्यानं एक नाव घेतलं,
पंखांचा कोन बघून स्वतःच खोडलं.
दुसरं. पण त्याचं सुकाणू एवढं उंच नव्हतं.
तिसऱ्याचा नकाशा घरून आणून अंथरला:
नकाशात फासळ्या अकरा-अकरा.
इथे उजवीकडे अकरा,
डावीकडे बारा.

मी ग्रिम्सबीच्या इस्पितळात काचपट्ट्या बघते.
पेशींची ओळख पटवायची, सही करायची, पुढचा नमुना घ्यायचा.
अशा वेळी काय लिहितात ते मला पाठ आहे:
निश्चित सांगता येत नाही.
विल्फ म्हणाला, कुणीतरी मनानं केलंय हे.
आधी जरा रागानं म्हणाला.
मग पुन्हा एकदा, रागाशिवाय.

कापड उतरवायला दोन शनिवार गेले.
रेशीम, लाखेचे थर चढून उडदाच्या पापडासारखं झालेलं.
आत बाल्साच्या फासळ्या, नखानं दबतील इतक्या मऊ,
आणि डावीकडच्या बाराव्या फासळीवर पेन्सिलीत:
चुकलं. राहू दे.

विल्फ म्हणत होता, काढून टाक, तोल जाईल.
तेव्हा उजव्या पंखाच्या टोकात
कापसात गुंडाळलेला शिशाचा मणी सापडला,
गळाला लावतात तसला.
त्यानं तराजू मागितला.
एका पारड्यात मणी, दुसऱ्यात मी नव्यानं कापलेली फासळी.
मग बराच वेळ तो खिडकीबाहेर बघत बसला.

त्या काळी एकच बटण असायचं.
एकदा दाबून धरलं की उजवीकडे,
दोनदा दाबलं की डावीकडे,
काहीच केलं नाही तर सरळ.
शेपटीपर्यंत रबराची दोरी, तिच्या पिळावर सुकाणू हलायचं.
ते रबर वितळून काकवी झालेलं,
तरी आकड्याभोवती पीळ दिसत होता,
सुंभ जळल्यावर राहतो तसा.

हिवाळाभर एवढंच चाललं:
दाबपट्ट्या, टाचण्या, दुसऱ्या दिवशीपर्यंत हात लावायचा नाही.
दुसरं चाक मी बदललं नाही.
फेब्रुवारीत नव्या रबराला दोनशे पीळ भरले.
हे संपले की संपलं, विल्फ म्हणाला,
मग ते जाईल तिकडे.
मी दोनदा दाबायचं ते एकदाच दाबलं.
सुकाणू उजवीकडे वळलं. टक्.
टेबलावरची बशी आम्ही दोघांनी एकदम बाजूला ओढली.

पोटातल्या झाकणामागे एक चिठ्ठी आहे,
तेलानं पार पारदर्शक झालेली.
सापडल्यास परत करावे. नाव विरघळलंय.
घर नंबर एकोणीस, रस्त्याचं शेवटचं अक्षर,
आणि ठळक: आणणाऱ्यास अर्धा क्राऊन.
ती तशीच ठेवली.
खाली बारीक अक्षरात माझा फोन नंबर.
बक्षिसाची रक्कम बदललेली नाही.

आता वाऱ्याची वाट बघतोय.
म्हणजे, तो पडायची.
लिंकनशरमध्ये त्याला वेळ लागतो.