दार फिरवणारा

पावतीपुस्तकावर छापलंय ‘सर्व प्रकारची बांधकामे’,
पण गाव मला बोलावतं ते दार फिरवायला.
पुढचं बुजवायचं, मागचं फोडायचं.
तीन पिढ्यांचा धंदा.

आजा, सुपडू मिस्तरी, सांगायचा:
गावाचं तोंड तेव्हा नदीकडे होतं.
चोपड्याकडच्या गाड्या तापी ओलांडून यायच्या
कापसाखाली करकरत,
आणि दरवाजा केवढा ठेवायचा ते ठरायचं
भरल्या गाडीवरून.
वेशीच्या दगडांत अजून आहेत
तुंब्यांनी घासलेल्या दोन खाचा,
समोरासमोर, एकाच उंचीवर.
पोरं त्यात बोट घालून पळतात.

मग सुरत लाइन आली.
रूळ पडले गावाच्या पाठीशी, हागणदारीपलीकडे,
जिथे दिवसाउजेडी कोणी जात नसे.
घेवरचंद शेठने पहिल्यांदा विचारलं,
“परसातली न्हाणी हलवली, मिस्तरी,
तर तिथे दुकान निघेल?”
निघालं.
तांब्याचा बंब ओसरीवर आला, ओसरी मागे गेली,
आणि दोन दिवाळ्यांत त्या ओळीतली अकरा घरं
झोपेत कूस बदलावी तशी वळली.
जिनांचे भोंगे, वखारी, हमालांच्या खोल्या,
स्टेशनपर्यंत गाव ओघळत गेलं.
नदीकडच्या ओट्यांवर बसणारे म्हातारे
तिथेच बसून राहिले.
त्यांना कोणी सांगितलंच नाही
की आता ते गावाच्या मागे बसलेत.

बापाला चौकटी आवडत नव्हत्या.
म्हणायचा, गाडी घड्याळावर येते, ट्रक भुकेवर.
रात्री दोनला थांबणाऱ्याला
चौकटीएवढं तोंड पुरत नाही.
त्याने धुळ्याच्या रस्त्याला शटरं बसवली,
एका उन्हाळ्यात चौतीस.
इस्माईल पिंजाऱ्याने धनुकली खुंटीला टांगली
आणि पंक्चरची पाटी लावली.
गाद्यांचा कापूस त्याच्या भुवयांत
बरीच वर्षं राहिला, खाली हात मात्र काळे.
रस्त्यावर डांबराचा थर चढला
की बाप घराघरांतून फरशी वर घ्यायचा,
वीतभर, कधी टीचभर,
पावसाचं पाणी आत येऊ नये म्हणून.
गाव असं उंच होत गेलं,
छपरं तेवढीच राहिली.

माझ्या वाट्याला चौपदरी आली.
गावाला न शिवता, केळीच्या बागा कापत,
दोन पुरुष उंच भरावावरून,
कडेला पत्र्याचा कठडा.
मी एकदा चढून गेलो, टेप घेऊन, उगाच.
तिच्याकडे दार काढता येत नाही.
तिला ओटा नको, ओळख नको,
वळायचं ठिकाण चार किलोमीटर पुढे.
तिथे आता प्लॉट पडलेत, चुन्याच्या रेघा,
कमान आधी उभी राहिली, घरं नंतर येतील म्हणे.
इस्माईलचा नातू तिकडेच गेला,
हवेचं मशीन टेम्पोत घालून.

जुन्या रस्त्यावर कुत्री मधोमध झोपतात.
कौतिकबाईने शटर वर्षभर उचललं नव्हतं.
म्हणाली, “मिस्तरी, आते दार कथा काढशी?”
मी स्टेशनकडे पाहिलं. तिथे पॅसेंजर
थांबते अजून, दोन मिनिटं, दोन माणसांसाठी.
मी काही बोलायच्या आत तिने
मागच्या भिंतीवर थाप मारली.
“तिकडथून वारा येस.”

पहार चौथ्या घावाला पोकळ वाजली.
पोपडे पडले, मातीचा गिलावा, मग
सागाची चौकट, गाडीच्या उंचीची,
आणि विटा आज्याच्या हाताच्या.
सांधे ओळखू येतात, तो अंगठ्याने दाबायचा.
चौकट धरून उभा राहिलो जरा वेळ.
कौतिकबाईला वाटलं, मी मजुरी मोजतोय.

उंबरा जागेवर होता, मधोमध झिजलेला,
फक्त आताच्या फरशीहून
हातभर खाली.
“पायऱ्या लागतील दोन,” मी म्हणालो.
“चढायला?”
“उतरायला.”